बचत शिकवली, हिशोब राहून गेला

आजचा विषय बहुतेक पालकांच्या तोंडी असतो. आठवी-नववीपासून पुढच्या मुलामुलींना पैसा कसा वापरायचा हे शिकवायचं कसं? प्रश्न आजचा वाटतो, मोबाईलमुळे निर्माण झालेला वाटतो. पण त्याला निदान दोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो पाहिल्याशिवाय आपण मुलांना जे शिकवतो ते का शिकवतो, हे नीट कळत नाही.

सुरुवात आपल्याच दोन म्हणींपासून करू. एक, ‘थेंबे थेंबे तळे साचे’. दुसरी, ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’. आपण या दोन्ही एकाच दमात मुलांना ऐकवतो, जणू त्यांचा अर्थ एकच आहे. तो एक नाही. पहिली म्हण सांगते, साठवा. दुसरी सांगते, आधी बघा, मोजा आणि मग ठरवा. पहिली बचतीची आहे, दुसरी हिशोबाची. आजच्या व्याख्यानात आम्हाला एवढंच दाखवायचं आहे की या दोन शिकवणुकींचा उगम वेगवेगळा आहे. बचतीची शिकवण वरून खाली आली. हिशोबाची मागणी खालून वर गेली. आणि शाळेत आणि घरात आपण पहिली उचलली, दुसरी मागे ठेवली.

पंतोजींच्या शाळेतला पैसा

इंग्रजी अमलाच्या आधीपासून आपल्याकडे गावठी शाळा होत्या. पंतोजी ओसरीवर किंवा देवळात मुलं जमवायचे. तिथे काय शिकवत? धूळपाटीवर अक्षरं, मोडी वाचन-लेखन, आणि उजळणी. उजळणी म्हणजे नुसते पाढे नाहीत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, थेट औटकीपर्यंत, म्हणजे साडेतीनच्या पटीपर्यंत. आज हे ऐकून हसू येतं. पण त्या काळचं चलन आठवा. रुपयाचे सोळा आणे. आण्याचे चार पैसे किंवा बारा पै. म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे आणि एकशे ब्याण्णव पै. वजन-मापांतही पाव, अर्धा, पाऊण, सव्वा हेच. अशा बाजारात दीड शेराचे सव्वा तीन आण्यांनी किती झाले, हे तोंडी आलं नाही तर माणूस दुकानाच्या पायरीवरच फसायचा.

तेव्हा हिशोब हा व्यवहाराचा भाग होता, पण तो सगळ्यांना मिळत नव्हता. या शाळांत मुली जवळपास नसायच्या. शूद्रातिशूद्र म्हणून बाजूला ठेवलेल्या जातींची मुलंही बहुतेक बाहेरच. म्हणजे बाजारात जाणारे सगळे, पण कीर्द-खतावणी वाचता येणारे मोजके. कुलकर्ण्याचं दप्तर आणि सावकाराची वही ज्यांना वाचता येई, त्यांच्या हातात एक वेगळीच सत्ता होती. शेतकऱ्याने काय घेतलं, काय फेडलं आणि काय राहिलं, हे ठरवायचं वहीने, आणि वही त्याच्या घरात नसायची.

सुपे, 1875

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला, बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात त्याची नोंद आहे. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत ते पसरले. या दंग्यांत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. जमावाला मुख्यतः हवे होते कागद: कर्जरोखे, गहाणखतं, हुकूमनामे. ते मिळवायचे आणि जाळायचे. जिथे सावकाराने कागद मुकाट्याने दिले तिथे बहुधा त्याच्या अंगाला हातही लागला नाही. लोकांना आपला शत्रू नेमका कुठे आहे हे कळलेलं होतं. तो त्या कागदात होता, जो त्यांना वाचता येत नव्हता.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देण्यासाठी कायदा केला. त्याची चर्चा आपण सहसा जमिनीच्या आणि व्याजाच्या अंगाने करतो. पण त्यात आजच्या विषयाला थेट भिडणारी काही कलमं होती. शेतकऱ्याने पैसे फेडले तर त्याला लेखी पावती मिळाली पाहिजे. मागितल्यास वर्षाचा हिशोब लिहून मिळाला पाहिजे. आणि त्याने मागितलं तर त्याचं खातं पासबुकात उतरवून दिलं पाहिजे. म्हणजे वही एकट्या सावकाराकडे राहणार नाही, तिची प्रत ऋणकोच्या घरातही येईल. हक्क दिला, चांगलंच झालं. पण पासबुक हातात आलं तरी ते वाचणार कोण?

तीन वर्षांनी, 1882 मध्ये, हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुले यांनी आपलं निवेदन दिलं. प्राथमिक शाळेत काय शिकवावं, याची यादी त्यात आहे. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशोब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे काही धडे. हिशोब इथे लिहिण्या-वाचण्याच्या मांडीला मांडी लावून बसला आहे. जोतीराव स्वतः कंत्राटदारी केलेले गृहस्थ, मजुरी, माल आणि बिलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली. आणि सुप्याच्या दंग्याला तेव्हा सातच वर्षं झाली होती. शेतकऱ्याच्या मुलाला हिशोब आला पाहिजे, या मागणीचा अर्थ त्या पार्श्वभूमीवर स्पष्ट वाचता येतो: त्याला कोणी फसवू नये. मुलाने काटकसरी व्हावं, असा उपदेश या यादीत शोधूनही सापडत नाही. ज्याच्याजवळ साठवायला काही राहतच नाही, त्याला साठवण्याचा उपदेश करून उपयोग काय?

त्याच वर्षी, पोस्टात

आता योगायोग पाहा. त्याच 1882 साली हिंदुस्थानात पोस्ट ऑफिस सेव्हिंग्ज बँक सुरू झाली. बचतीची शिकवण संस्थेच्या रूपाने आपल्या गावागावात पोहोचली ती या वाटेने. तिची मुळं युरोपात आहेत, आणि ती बरीच जुनी आहेत.

इंग्लंडमध्ये 1798 मध्ये लंडनजवळच्या टॉटनहॅम इथे प्रिसिला वेकफिल्ड या लेखिकेने बायका आणि मुलांसाठी बचतीची संस्था काढली. 1861 मध्ये तिकडे पोस्टाची बचत बँक आली. मुलांना शिलिंगभर रक्कम एकदम आणणं कठीण, म्हणून 1880 मध्ये पोस्टमास्टर जनरल हेन्री फॉसेट यांनी एक युक्ती काढली. एक कोरा फॉर्म घ्यायचा, त्यावर पेनीची तिकिटं एकेक करून चिकटवायची, बारा झाली की तो फॉर्मच शिलिंग म्हणून खात्यात जमा. बेल्जियममध्ये, गेंट शहरात, कायद्याचे प्राध्यापक फ्रांस्वा लोरां यांनी 1866 पासून शाळाशाळांत बचतीची मोहीम चालवली. मुलांनी नाणी आणायची, शिक्षकांनी नोंदवून घ्यायची, रक्कम बचत बँकेत. हीच कल्पना पुढे फ्रान्समध्ये गेली. बेल्जियममधूनच अमेरिकेत गेलेल्या जॉन थिरी यांनी 1885 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड सिटीत ती रुजवली. 1924 मध्ये मिलानला बचत बँकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, आणि तिथूनच जागतिक बचत दिन सुरू झाला.

यामागे चांगली माणसं होती, याबद्दल शंका नको. आजारपणात, बेकारीत कामगाराच्या घरात चार पैसे असावेत, दारूच्या गुत्त्यात सगळा पगार जाऊ नये, ही कळकळ खरी होती. पण दुसराही एक विचार त्यात मिसळलेला होता. गरीब माणूस गरीब का, तर तो उधळ्या आहे म्हणून. त्याला लहानपणापासून वळण लावलं तर त्याच्यावर दानधर्माचा आणि सरकारचा खर्च होणार नाही. म्हणजे दोष मजुरीत नाही, सवयीत आहे. मजुरी किती मिळते, भाडं किती जातं, हा प्रश्न वर्गात विचारायची सोय त्यात नव्हती.

आपल्याकडे हीच परंपरा स्वातंत्र्यानंतर ‘संचयिका’ या नावाने शाळांमध्ये आली. आपल्यापैकी अनेकांना ती आठवत असेल. 15 सप्टेंबरला संचयिका दिवस साजरा व्हायचा, निबंध आणि वक्तृत्व स्पर्धा व्हायच्या, विषय अर्थात बचतीचं महत्त्व. या योजनेतली मूळ कल्पना मात्र फार चांगली होती: बँक मुलांनीच चालवायची, शिक्षकांनी देखरेख करायची. जिथे खरोखर मुलांच्या हातात खातेवही दिली गेली, तिथे ती जमा-नावे शिकली. पण जिथे गुरुजींनी पैसे गोळा केले, गुरुजींनीच लिहिले आणि वर्षाअखेर परत दिले, तिथे मुलं एकच गोष्ट शिकली: पैसे मोठ्या माणसाकडे द्यायचे असतात.

घरातल्या मातीच्या गल्ल्याचंही तेच. गल्ल्याला पैसे टाकायला फट असते, काढायला दार नसतं. तो फोडायचा कधी, हे आई-वडील ठरवतात. सात वर्षांच्या मुलाला हे ठीक आहे. पण पंधरा वर्षांच्या मुलीलाही आपण गल्लाच देत राहिलो तर ती टाकायला शिकते, काढायला शिकत नाही. आणि आयुष्यात कठीण जातं ते काढणं. किती काढायचे, कशासाठी, आणि उरलेल्यात महिना कसा काढायचा.

लंडनमधला एक विद्यार्थी

हिशोब लिहिल्याने विशीच्या आतल्या मुलाचं काय होतं, याचं एक उदाहरण आपल्या सगळ्यांच्या माहितीचं आहे, फक्त आपण ते या नजरेने वाचत नाही. 1888 मध्ये मोहनदास गांधी बॅरिस्टर व्हायला लंडनला गेले. वय जेमतेम एकोणीस. पैसा घरचा, थोरल्या भावाने पाठवलेला. आत्मचरित्रात ते मोकळेपणाने लिहितात की सुरुवातीला ‘जंटलमन’ होण्याचं खूळ डोक्यात शिरलं. बाँड स्ट्रीटवर दहा पौंडांचा सूट शिवला. एकोणीस शिलिंगांची उंच टोपी घेतली. नाचाच्या शिकवणीला तीन पौंड, व्हायोलिनला तीन पौंड, वक्तृत्वाच्या शिक्षकाला एक गिनी. हे सुमारे तीन महिने चाललं.

या सगळ्या काळात एक गोष्ट मात्र ते करत होते. पै न् पैचा हिशोब लिहीत होते. बसचं भाडं, टपाल, वर्तमानपत्राचे दोन पैसे, सगळं. आणि रोज रात्री झोपण्यापूर्वी शिल्लक जुळवत होते. मग काय झालं? लिहिलेलं दिसायला लागलं. त्यांनी राहती जागा बदलली. चालत जाता येईल अशी खोली घेतली, म्हणजे बसचे पैसेही वाचले. पुढे एकाच खोलीत राहून सकाळचं खाणं स्वतः शिजवायला लागले. खर्च निम्म्यावर आला.

इथे नीट पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे क्रम. आधी साठवायची शपथ घेतली आणि मग खर्च कमी केला, असं झालं नाही. खर्च चालू असतानाच तो लिहिला गेला. पैसा हातात होता आणि कुणी विचारणारं जवळ नव्हतं. व्हायोलिनही घेऊन झालं होतं. पण लिहिलं होतं, म्हणून निर्णय बदलता आला. पुढे सार्वजनिक निधीचा चोख हिशोब ठेवणं आपल्याला याच सवयीमुळे जमलं, असं त्यांनीच सांगून ठेवलं आहे. थोडक्यात, हिशोबाला चुकायची मुभा लागते, आणि चूक दिसायची सोयही लागते.

मुलींना अंदाजपत्रक, मुलांना गल्ला

आपल्या शाळांत अंदाजपत्रक कधी शिकवलंच नाही, असं म्हणणं मात्र चुकीचं ठरेल. शिकवलं, पण निम्म्याच मुलांना. गृहशास्त्र, गृहजीवनशास्त्र अशा नावांनी जो विषय विसाव्या शतकात रुजला, त्यात कौटुंबिक अंदाजपत्रक हा धडा हमखास असायचा. त्याच्या मुळाशी 1857 मध्ये एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने मांडलेला नियम आहे. कुटुंबाचं उत्पन्न जितकं कमी, तितका त्यातला मोठा हिस्सा खाण्यावर जातो. हा नियम गृहशास्त्राच्या पुस्तकांतून मुलींनी पाठ केला. या एका नियमात बचतीच्या उपदेशाला उत्तर आहे: ज्या घरात कमाईचा बहुतांश भाग पोटातच जातो, तिथे काटकसरीला जागाच थोडी असते.

पण हा विषय मुलींचा मानला गेला. मुलाला सांगितलं, साठव. मुलीला सांगितलं, नवऱ्याच्या पगारात भागव. म्हणजे ज्याच्या हातात पैसा येणार त्याला अंदाजपत्रक येईना, आणि जिला अंदाजपत्रक येत होतं तिच्या हातात पैसा नव्हता. किती घरांत पहिल्या तारखेला पाकीट बाईच्या हाती यायचं, वाणसामान, दूध, फी, औषधं असे वाटे पाडले जायचे, डब्यांत, कपाटातल्या कपड्यांखाली. अंदाजपत्रकाचं ते उत्तम शिक्षण होतं. पण ते स्वयंपाकघरातच राहिलं. मुलग्यांनी ते पाहिलं नाही, आणि मुलींनी पाहिलं तेव्हा त्याला कुणी विद्या म्हटलं नाही.

कमवा आणि शिका

हे सगळे तुकडे जिथे एकत्र आले अशी एक जागा महाराष्ट्रात आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 4 ऑक्टोबर 1919 रोजी कराडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचं वसतिगृह सुरू झालं, 1927 मध्ये गांधींच्या हस्ते त्याचं ‘छत्रपती शाहू बोर्डिंग’ असं नामकरण झालं. 1947 मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं तेही ‘कमवा आणि शिका’ याच तत्त्वावर. आज महाराष्ट्रातल्या अनेक विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत याच नावाची योजना आहे.

या वसतिगृहांची कथा आपण त्यागाची कथा म्हणून ऐकतो. लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा दिलं, हे आपल्याला पाठ आहे. ते खरंच आहे, आणि मोठंच आहे. पण त्याच कथेत एक शैक्षणिक गोष्टही आहे. इथल्या मुलांना आपण खातो ते अन्न कुठून येतं हे ठाऊक होतं. धान्य आणि वर्गणी गावोगावी हिंडून गोळा होत होती. मुलं स्वतः राबत होती. कोठीत धान्य कमी असेल तर ते त्यांच्यापासून लपलेलं नव्हतं. म्हणजे अंथरूण किती लांब आहे, हे त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. आणि त्या मिळकतीत त्यांचा स्वतःचा घाम होता, त्यामुळे त्याबद्दल बोलायचा हक्कही होता.

आता आपल्या घरांकडे वळू. आपण मुलांना म्हणतो, अंथरूण पाहून पाय पसर. पण अंथरूण दाखवतो का? पगार किती, कर्जाचा हप्ता किती, आजीच्या औषधांना किती लागतात, हे पंधरा वर्षांच्या मुलाला किती घरांत माहीत असतं? आपण ते त्याच्यापासून काळजीपोटी लपवतो, किंवा लाजेपोटी. आणि मग तो महागडा मोबाईल मागतो तेव्हा म्हणतो, याला परिस्थितीची जाणीव नाही.

कायदा काय म्हणतो

कायद्याने या वयाकडे कसं पाहिलं, तेही थोडक्यात बघू. 1872 चा करार कायदा आणि 1875 चा सज्ञानतेचा कायदा, या दोन्हींमुळे अठरा वर्षांखालच्या व्यक्तीला करार करता येत नाही असं ठरलं. 1903 मध्ये मोहरी बीबी विरुद्ध धर्मदास घोष या कलकत्त्याच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला की अज्ञानाने केलेला करार मुळातच रद्दबातल. धर्मदासने सावकाराकडे मालमत्ता गहाण टाकली तेव्हा तो अल्पवयीन होता, म्हणून ते गहाणखतच टिकलं नाही. म्हणजे कायद्याने मुलाभोवती कुंपण घातलं, सावकाराला बाहेर ठेवण्यासाठी.

त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, 2014 मध्ये, रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं की दहा वर्षांवरील मुलांना बचत खातं स्वतः उघडू आणि चालवू द्यायला हरकत नाही. कुंपणाला एक फाटक केलं. चांगलं केलं. पण दोनच वर्षांनी, 2016 मध्ये, यूपीआय आलं, आणि काही वर्षांत रोख पैसा मुलांच्या हातून जवळजवळ नाहीसाच झाला. पावकी-निमकी 1957 च्या दशमान नाण्यांनी घालवली होती. आता नाणंच गेलं. पूर्वी खिशात हात घातला की शिल्लक कळायची. आता वडा-पाव, गेममधली खरेदी, महिन्याला आपोआप वजा होणारी वर्गणी, सगळं एकाच बोटाच्या टोकावर. पैसा किती गेला हे बोटाला जाणवत नाही.

आणि या काळातला सावकार कुठे आहे? तोही वहीतच आहे, फक्त वही आता मोबाईलमध्ये आहे. ‘पहिला महिना मोफत’ म्हणणारी वर्गणी, ‘आता घ्या, नंतर द्या’ असा हप्ता, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ. या खेळांवर 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने बंदीचा कायदाच केला, यावरून प्रकरण किती पुढे गेलं होतं ते कळतं. ‘तुझं खातं आम्हाला वापरू दे, कमिशन देतो’ म्हणणारे भामटे तर थेट कॉलेजच्या मुलांनाच गाठतात, आणि चोरीचा पैसा त्या खात्यातून फिरला की पोलीस आधी त्या मुलाच्या दारात येतात. या मुलाला लहानपणी बचतीवर निबंधात बक्षीस मिळालेलं असू शकतं. त्या निबंधाचा इथे काही उपयोग होत नाही. इथे उपयोगी पडतो तो जोतीरावांच्या यादीतला हिशोब.

मग करायचं काय

इतिहासातून थेट पाककृती निघत नाही. पण चार गोष्टी आपल्याला नक्की घेता येतात.

पहिली, रक्कम मुलाच्या हातात पूर्ण द्या, तुकड्यातुकड्याने नको. समजा नववीतल्या मुलीला महिन्याचे 1,500 रुपये दिले. त्यातच प्रवासाचे 500, मोबाईलच्या रिचार्जचे 300, वह्या आणि झेरॉक्सचे 200. ठरलेला खर्च 1,000. उरले 500, म्हणजे आठवड्याला सव्वाशे. मैत्रिणीच्या वाढदिवसाला तिने 200 काढले, तर उरलेले 300 चार आठवड्यांत वाटले जाणार. सव्वाशेचे पंच्याहत्तर झाले. हे गणित तिने स्वतः केलं पाहिजे, भेट घेण्याआधी. तेच अंदाजपत्रक. नंतर केलं तर तो नुसता जमाखर्च.

दुसरी, लिहायला लावा, पण तपासनीस होऊ नका. वही तिची. मोबाईलमध्ये लिहिलं तरी चालेल, रोज रात्री शिल्लक जुळली म्हणजे झालं. वीस तारखेलाच पैसे संपले तर लगेच भरून देऊ नका, आणि बोलूही नका. उरलेले दहा दिवस जे शिकवतील ते आपल्या भाषणाने येणार नाही. अडचण खरी असेल, आजारपण किंवा शाळेची अचानक मागणी, तर अर्थातच मदत करा. पण तीही वहीत लिहू द्या.

तिसरी, घरचं अंथरूण दाखवा. महिन्यातून एकदा घरच्या जमाखर्चाला मुलांना जवळ बसवा, मुलीला आणि मुलालाही. विजेचं बिल वाचायला द्या, कर्जाच्या हप्त्यात व्याज किती आणि मुद्दल किती ते बघू द्या. दुकानदाराचं बिल, बँकेचं पासबुक, कंपनीच्या अटी, जो कागद घरात येईल तो त्यांनाही वाचता आला पाहिजे. दुसऱ्याची वही वाचता येणं, हाच या विद्येचा मूळ हेतू होता.

चौथी गोष्ट ज्यांच्या घरी खिशातले पैसे देण्याची ऐपतच नाही, त्यांच्याबद्दल. त्या घरांतली मुलं पैशाबद्दल अडाणी आहेत असं समजणं, ही बचतवाल्यांचीच जुनी चूक आहे. भाजीच्या गाडीवर उभी राहणारी मुलगी, सुट्टीत मजुरीला जाणारा मुलगा, रेशनच्या रांगेत आईच्या जागी उभं राहणारं पोर, यांना पैशाची किंमत कुणी शिकवायला नको. त्यांना हवा आहे तो त्यांच्या मजुरीचा लेखी हिशोब, पावती, आणि तो हिशोब चुकला तर बोट ठेवून दाखवायची ताकद. शाळेला या मुलांसाठी काही करायचं असेल तर गणिताच्या तासाला खरी बिलं, खरे हजेरीपट आणि खरे हप्ते आणावेत. बचतीचं घोषवाक्य फलकावर राहू दे, त्याने काही बिघडत नाही.

1879 च्या कायद्याने पासबुक शेतकऱ्याच्या घरात आणलं. आज ते प्रत्येक मुलाच्या खिशात आहे, मोबाईलच्या पडद्यावर, चोवीस तास. फक्त ते उघडून एकेक ओळ वाचायला, आणि ‘हे पैसे कशाचे गेले?’ असं विचारायला, त्याला कुणीतरी शेजारी बसवून शिकवलं पाहिजे. ते काम बँकेचं नाही आणि सरकारचंही नाही. ते आपलं आहे.